वाड्याला चुना काढताना

मनगटावरचं घड्याळ आधी उतरवा, मोबाइलही ठेवून द्या. चुना दोघांनाही सोडत नाही. अंगात जुना, विटका, पण पूर्ण बाह्यांचा सदरा हवा आणि डोक्याला घट्ट फडकं. आता वाका. दिंडी दरवाजा बुटका आहे आणि नव्या पाहुण्याच्या कपाळाला एकदा तरी प्रसाद दिल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नाही.

आलात. पुण्याची सदाशिव पेठ, साल 1938. आश्विन संपत आलाय, वसुबारस चार दिवसांवर आली आहे. पाऊस जाऊन पंधरवडा झाला, पण त्याने भिंतीत मुरवलेली ओल अजून नाकाला कळते. वर ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय.

चौकात पाऊल ठेवायला जागा नाही. शिसवी पलंग उभा करून ठेवलाय, त्याला टेकून गाद्यांच्या वळकट्या. पितळी डबे, पाट, ट्रंका, पाळण्याच्या कड्या, मडक्यांची उतरंड, पोथ्यांची लाल बासनं. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर तसबिरी ओळीने मांडल्यात. मळवलीच्या छापखान्यातून निघालेली रविवर्म्याची लक्ष्मी आज वर्षाने उन्हात आली आहे आणि तिच्या काचेवरचा वर्षभराचा धूर एक मुलगी राखेने पुसते आहे. सहा बिऱ्हाडं या वाड्यात राहतात. सहाही बिऱ्हाडांचा संसार एकाच चौकात आल्यामुळे कुणाची परात कुणाकडे गेली यावरून दोन ठिकाणी आवाज चढलेत.

"मुंबईचे पाहुणे ना तुम्ही? बरं झालं आलात, माणूस कमीच पडत होतं," असं म्हणून घरची आजी तुमच्या हातात बांबू देते. बांबूच्या टोकाला केरसुणी सुंभाने आवळून बांधलेली आहे. चहा नंतर. आधी जळमटं.

माजघरात शिरा. डोळ्यांना अंधार पचायला वेळ लागतो. वर बघा, तुळयांच्या मधल्या खणाखणांतून काळे धागे लोंबतायत. कोळ्याच्या जाळ्यांवर चुलीचा धूर बसून बसून ते जाड झालेत. केरसुणी फिरवली की ते सगळं तुमच्याच अंगावर येतं, सदऱ्याच्या कॉलरमधून पाठीत उतरतं, नाकात शिरतं. शिंका येणारच. फडकं नाकावर ओढा आणि भिंतीकडे लक्ष द्या. तसबीर जिथे टांगली होती तिथे पांढरा चौकोन उरलाय आणि भोवतालची सगळी भिंत तपकिरी पडली आहे. गेल्या दिवाळीला ही सगळी भिंत त्या चौकोनाइतकीच पांढरी होती. चूल, समई, कंदील, उदबत्ती यांनी एका वर्षात केलेलं हे काम आहे.

बाहेर पलंगाच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतलं जातंय. ढेकूण बाहेर पडतात, पोरं त्यांच्यावर तुटून पडतात, आणि चिरडलेल्या ढेकणाचा तो कुबट, तिखट वास चौकभर होतो. तो एकदा नाकात बसला की जेवताना आठवतो. ज्या फटीत पाणी पोचत नाही तिथे रॉकेलचा बोळा. भिंतींच्या चिरांतही हेच पाहुणे मुक्कामाला असतात आणि त्यांचा बंदोबस्त चुना करणार आहे. दरवर्षी घर पांढरं करण्यामागे शोभा जेवढी आहे तेवढंच आरोग्य आहे, हे इथल्या बायकांना कुणी शिकवायला लागत नाही.

आता खरवडायचं काम. रंगारी मामा आले आहेत. कोपरापर्यंत पांढरे पडलेले हात, भुवयांवर चुन्याचे ठिपके, कमरेला खोचलेलं फडकं. त्यांच्याबरोबर एक पोऱ्या, तुमच्या खांद्याला लागेल एवढा, पण शिडीवर माकडाला लाजवेल असा. मामा तुमच्या हातात लोखंडी पत्रा देतात. भिंतीवर जिथे जिथे चुन्याचे पोपडे सुटलेत तिथे पत्रा आडवा धरायचा आणि ओढायचा. खर्र, खर्र. दातांवर शहारे येतील, येऊ द्या. एक मोठा पोपडा हातात निघाला तर तो लगेच टाकू नका. त्याची कड उजेडात धरा. पांढरा थर, त्यावर पांढरा, मग किंचित निळा, मग एक पिवळट, पुन्हा पांढरा. दर दिवाळीचा एकेक हात एकावर एक बसून पुठ्ठ्याएवढी जाडी झाली आहे. पिवळट थर कुणाच्या लग्नातला असेल, ते आजी सांगेल. तिच्या स्वतःच्याही लग्नातला असू शकतो.

पोपडे निघाले की खालची भिंत दिसते. माती, त्यात गवताचा भुसा आणि शेण कालवून केलेला गिलावा, बोटाने दाबला तर किंचित खचणारा. चिरा पडल्यात तिथे मामा करणीने चुना आणि बारीक वाळूचं मिश्रण भरतात आणि थापीने दाबतात. स्वयंपाकघराची भिंत मात्र वेगळ्या वळणाची आहे. तिथली काजळी तेलकट. तिच्यावर नुसता चुना फिरवला तर दुसऱ्या दिवशी पिवळे डाग वर उगवतात. म्हणून ती आधी धुवायची, घासायची, वाळू द्यायची आणि मग एक हात जास्तीचा द्यायचा. मामा हे सांगत असताना घरच्या सूनबाई मान हलवतात. त्यांना ते माहीत आहे. मागच्या वर्षी घाई झाली होती.

उन्हं डोक्यावर येण्याआधी चुना भिजवायला हवा. हे बघायला वाड्यातली सगळी पोरं जमतात, म्हणून तुम्हीही हौदापाशी या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळांतून शहरातल्या हौदांत आणलं गेलं, त्या पाण्याने आज लोखंडी पिंप अर्धं भरलंय. बाजूला गोणी आहे, तोंड घट्ट बांधलेली, जमिनीपासून वर, फळीवर ठेवलेली. लोणाऱ्याच्या गाडीतून ती आली तेव्हापासून घरच्यांनी तिला पावसाच्या थेंबापासून जपलंय. गोणी भिजली तर तिच्यातल्या उष्णतेने तागाचं कापड पेटूही शकतं.

गोणीत कळीचा चुना आहे. मूळची चुनखडी, लोणाऱ्याच्या भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली गेली आणि तिच्यातला वायू निघून गेला. हातात घेतलात तर दगडाच्या मानाने हलका लागतो. हात कोरडा आहे ना? मग हरकत नाही. मामा कोपरापर्यंत खोबरेल चोळून घेतात, तुमच्याही हाताला लावतात, आणि पोरांना ओरडून चार पावलं मागे सारतात. "कळीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात कळी सोडायची. आणि वाकून बघायचं नाही. डोळा जातो."

पहिली कळी पाण्यात जाते. क्षणभर काहीच नाही. मग आतून एक 'चर्र' येतो, कळीला तडे जातात, ती फुटते, फुलते, आणि पाणी खदखदायला लागतं. खाली लाकडं नाहीत, जाळ नाही, तरी पिंप उकळतंय. दुसरी, तिसरी, दहावी कळी. वाफेचा पांढरा लोट वर उठतो, चेहऱ्यावर गरम दमट झोत येतो, घशात कोरडी आग होते. पिंपाच्या पत्र्याला हात लावू नका. मामा लांब काठीने ढवळतात आणि प्रत्येक फेरीला तळातून नवा बुडबुडा सुटतो. पोरं टाळ्या पिटतात. विज्ञानाचा असा तास शाळेत मिळत नाही.

हळूहळू खदखद शमते. पिंपात आता दाट पांढरा लगदा आहे आणि वर बोटभर स्वच्छ पाणी. ती निवळी. आजी एक वाटी निवळी बाजूला काढून नेते, औषधाला. लगदा रात्रभर मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका गुळगुळीत लागेल. ज्यांना घाई नसते ते आठवडाआधीच भिजवून ठेवतात.

तोवर तुम्हाला रविवार पेठेत धाडलंय. यादी पाठ करून घ्या: नीळ, डिंक, गेरू, पिवडी, सुंभाचं वेटोळं आणि मामांसाठी एक कुंचा.

दिवाळीच्या तोंडावरची बोहरी आळी म्हणजे माणसांचा पूर आहे. टांगेवाल्याची घंटा, हमालांचं "बाजू, बाजू!", हातगाडीच्या चाकाची करकर. दुकानं अरुंद, पण खोल. एका दारातून खिळ्यांचा आणि लोखंडाचा गंजका वास, पुढच्या दारातून काथ्याचा, त्याच्या पुढच्यातून टर्पेंटाइनचा झणका. मातीचे रंग तागाच्या गोणपाटांत उघडे मांडलेत, गोणीच्या कडा खाली दुमडून. विटकरी गेरू, त्याच्याहून गडद काव, पिवळी पिवडी. गिऱ्हाइकाने मुठीत घेऊन बोटांनी चोळून बघायचं, खर लागली तर बाजूला ठेवायचं. शेट तराजूत शेर टाकतो, मग छटाक, मग कागदाची पुडी बांधून दोरा दाताने तोडतो. तुमच्या तळहातावर आता गेरू आहे आणि घाम पुसताना तो कपाळावर गेला आहे. आळीतल्या निम्म्या लोकांची हीच अवस्था असल्यामुळे तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही.

रंग मातीचेच का, याला कारण आहे. चुना फार तिखट. फुलापानांचे नाजूक रंग तो काही दिवसांत खाऊन टाकतो. जमिनीतून निघालेली माती मात्र त्याला पुरून उरते. म्हणूनच सावंतवाडीकडे आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर चुन्यावर कावेचा तांबडा थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करतात. ती वेलबुट्टी पिढ्यान् पिढ्या टिकते.

कुंचा निवडताना घाई करू नका. तो केकताडाच्या तंतूंचा आहे, काही जण घायपात म्हणतात. टोक दाट हवं, मूठ सुतळीने घट्ट आवळलेली हवी. केसांचे ब्रश शेजारीच टांगलेत, विलायती, महाग, मऊ. ते चुन्याला चालत नाहीत. जनावराचा केस चुन्यात विरघळत जातो आणि दोन खोल्यांत ब्रश टक्कल पडून परत येतो. वनस्पतीचा तंतू चुन्याला दाद देत नाही. नवा कुंचा मात्र आधी रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि सकाळी दगडावर मोगरीने हलके ठेचायचा, म्हणजे तंतू सुटे होतात.

सकाळ झाली. मामांनी कुंचा ठेचलाय, पिंपातला लगदा रॉकेलच्या रिकाम्या डब्यात काढलाय आणि पाणी घालून दाट ताकाइतका सैल केलाय. पोऱ्या आणि तुम्ही मांजरपाटाचं कापड दोन टोकांनी धरा. वरून ओतलेला चुना कापडातून खाली गळतो, कापडात खडे आणि कच उरतो. हा कच राहिला तर भिंतीवर खरखर राहते आणि टेकणाऱ्याच्या कपड्याला लागते. गाळलेल्या चुन्यात कोमट पाण्यात विरघळवलेला डिंक पडतो. शेजारच्या बिऱ्हाडात डिंकाऐवजी तांदळाची पेज घालतात. मग मूठभर मीठ. आणि शेवटी नीळ, धोतराला घालतात तीच, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. मामा पुरचुंडी चुन्यात दोनदा बुडवतात, तिसऱ्यांदा थांबतात, एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन उन्हात धरतात. नीळ कमी पडली तर भिंत पिवळी मारते, जास्त झाली तर खोली आजारी दिसते. हे माप कुठल्याच चमच्यात बसत नाही. मामांच्या नखावर बसतं.

आता शिडीवर चढा. बांबूची आहे, वाकेल, कुरकुरेल, पण तुटणार नाही. पोऱ्या खालून धरतोय. डबा लोखंडी आकड्याने पायरीला अडकवलाय. समोरच्या भिंतीवर आधी पाणी शिंपडा. कोरडी भिंत चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि मग चुन्याची नुसती भुकटी उरते. शिंपडलंत? कुंचा बुडवा, डब्याच्या काठावर निथळवा, आणि वरून खाली ओढा. हा उभा हात. थाप्प, सर्रर. थाप्प, सर्रर. माजघरात, वरच्या माडीवर, शेजारच्या बिऱ्हाडात, सगळीकडून हाच आवाज येतोय.

काही वेळातच खांदा भरून येतो. चुना कुंच्यावरून मुठीवर, मुठीवरून मनगटावर आणि तिथून थेट काखेपर्यंत ओघळतो. आधी गार वाटतं, मग चुणचुणतं, आणि कुठे ओरखडा असेल तर तिथे झोंबतं. छताजवळ काम करताना तोंड मिटून ठेवा, डोळे किलकिले. एक थेंब पापणीवर पडतोच. चोळू नका! खाली या, पोऱ्या तांब्याने पाणी ओततोय, डोळा उघडा ठेवून धुवा, पुन्हा धुवा. मामा स्वतः येऊन तुमची पापणी उचलून बघतात. एवढ्या कामाच्या धबडग्यात ते यासाठी मात्र थांबतात.

बघितलंत? डोळा ठीक आहे. आता भिंतीकडे बघा.

काहीच दिसत नाही. सकाळभर राबून भिंत करडी, ओली, डागाळलेली. मळकटपणा जसाच्या तसा आरपार दिसतोय. तुमचा चेहरा पडलेला पाहून मामा बिडी पेटवतात. "वाळू द्या हो."

आणि मग ते घडतं. दारातून झुळूक येते त्या बाजूने भिंत उजळायला लागते. आधी कड, मग कोनाड्याची कमान, मग खुंटीच्या भोवतालचा भाग. करड्यातून पांढरा वर येत राहतो आणि अंधारं माजघर, जिथे काल तुम्ही चाचपडत होता, तिथे खुंट्या मोजता येतील एवढा उजेड होतो. पाणी उडून गेल्याने हा पांढरा दिसतो, पण खरं काम पुढे कितीतरी दिवस चालू राहतं. भट्टीत गेलेला वायू चुना आता हवेतून परत घेतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडी होतो. तुम्ही भिंतीला रंग दिलेला नाही, दगडाची पातळ कातडी चढवली आहे. मला हे जेव्हा कळलं तेव्हापासून चुन्याच्या भिंतीला हात लावल्याशिवाय पुढे जाववत नाही.

दुपारनंतर दुसरा हात, आडवा. उभ्या हातात जिथे फट राहिली ती आडव्यात झाकली जाते. कोनाडे, फडताळाच्या कडा, तुळईची बगल इथे छोटी कुंची. लाकडी खांबांवर उडालेले थेंब लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळले की खरवडावे लागतात.

ओसरीवर मामांची कला बघायला थांबा. खाली कमरेइतका गेरूचा पट्टा काढायचाय, कारण पोरांचे हात आणि टेकणाऱ्यांच्या पाठी तिथेच लागतात. पट्ट्याची वरची रेघ सरळ हवी. पोऱ्या ओसरीच्या एका टोकाला दोरा धरतो, तुम्ही दुसऱ्या टोकाला. दोरा गेरूच्या पाण्यात बुडवलेला, ताणलेला. मामा मधोमध चिमटीत धरून ओढतात आणि सोडतात. टण्! भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी तांबडी रेघ. खाली गेरू भरला जातो आणि रेघेवर काजळ-डिंकाची बारीक काळी कड. देवघराच्या चौकटीभोवती तर पुठ्ठ्याचा साचा टेकवून कुंचीने टिचक्या मारत वेल उमटते, पान, कळी, पान, कळी. साचा सरकवताना मामा श्वास रोखतात. तुम्हीही रोखलाय.

दिंडी दरवाज्यापाशी दुसराच वास आहे, गोडसर, तेलकट, डोक्यात जाणारा. तिथे पेंटर बसलाय. चुन्यावाल्या मामांशी त्याचं फारसं बोलणं नाही, त्याची विद्या निराळी. दाराच्या भेगांत तो लांबी भरतोय. खडूची पूड आणि जवसाचं तेल पोळपाटाएवढ्या फळीवर मळून मळून केलेला गोळा, पातळ पट्टीने दाबून बसवायचा, वाळला की काचपेपरने घासायचा. मग अस्तराचा हात, तोही वाळला की पुन्हा घासणं, आणि मग हिरवा रंग. पातळ करायला टर्पेंटाइन, चकाकी यायला उकळलेलं जवसाचं तेल, ज्याला हे लोक बेलतेल म्हणतात. हे तेल पाण्याप्रमाणे उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून तेलाची फडकी तो गोळा करून कोपऱ्यात टाकत नाही, पसरून ठेवतो. गोळ्यात उष्णता साठली की ती आपोआप पेट घेतात.

पण त्याच्या हातांकडे बघा. पांढरा रंग करायला तो जो सफेदा कालवतोय तो शिशाचा आहे. लोखंडी गजांना लावायचा शेंदूर, तोही शिशाचा. बोटं त्याने टर्पेंटाइनच्या फडक्याला पुसली आणि आता त्याच बोटांनी भाकरी मोडतोय. जा, तांब्या घेऊन जा, साबणाची वडी मागून घ्या आजीकडून. हात धुवायला लावा त्याला. पेंटरांच्या पोटात अचानक उठणारी ती भयंकर कळ, निळसर पडणाऱ्या हिरड्या, लुळं पडणारं मनगट, हे सगळं शिशाचं देणं आहे आणि कित्येकांनी ते नशिबाचा भाग म्हणून सोसलं. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारा नियम लागू व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. तुमच्यासमोर बसलेल्या या माणसासाठी तो फार उशिरा आला.

संध्याकाळी चौकात पंगत. चूल तात्पुरती, तीन दगडांची, तुळशीच्या पलीकडे. पिठलं, भात, मिरचीचा ठेचा. बोटांना कितीही धुतलं तरी चुन्याची चव राहिलेली आहे, तळहात कोरडे पडून कडकडीत झालेत, त्यावर पुन्हा खोबरेल. सगळे बिऱ्हाडकरू एकत्र जेवतायत, कारण स्वयंपाकघरं अजून ओली आहेत. कालचं परातीचं भांडण मिटलंय. परात सापडली, तिच्यातच पिठलं आलं. कुणाचा तरी भाऊ डेक्कन जिमखान्यावरच्या नव्या बंगल्यात राहतो, तो सांगतोय की त्यांच्याकडे डिस्टेंपर दिलाय, फिकट गुलाबी. सरस घातलेला रंग, चुन्याहून मऊ दिसतो. आजी विचारते, "ओल आली तर?" भाऊ पिठलं वाढून घेतो.

गाद्या चौकातच पडतात. सारवलेल्या गार भुईवर पाठ टेका. ओल्या चुन्याचा वास येतोय, पहिल्या पावसाच्या वासाचा जवळचा नातेवाईक, पण अधिक स्वच्छ आणि किंचित तिखट. उद्या सामान पुन्हा आत जाईल, तसबिरी आपापल्या खिळ्यांवर चढतील, स्वयंपाकघरात चकलीचं तेल तापेल आणि अंगणात गेरूवर शिरगोळ्याची रांगोळी निघेल. खांदे ठणकतायत, झोप लागेल.

सकाळी उठाल ते तुमच्या काळात. उठल्यावर मात्र एक काम करा. गावी, आजोळी, पेठेत, जिथे कुठे मातीचा नाहीतर चुन्याचा जुना वाडा तुमच्या नात्यात अजून उभा असेल, तिथे जाऊन भिंत बघा. बऱ्याच ठिकाणी दिसतं ते असं: सोय म्हणून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत प्लास्टिक पेंट, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याला आलेले फोड. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते, तो तिचा स्वभाव आहे. चुना ती ओल वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. पेंटचा पापुद्रा तिला कोंडतो, मग ओल आतल्या आत फिरते, क्षार फुलतात, आणि बाहेरून नवीकोरी दिसणारी भिंत मागून भुसभुशीत होत जाते. रंगवल्यामुळे घर मरतं, असं हे दुखणं आहे.

तेव्हा त्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावू नका, लावलेला असेल तर जाणत्या गवंड्याला दाखवून काढून घ्या. कळीचा चुना अजून मिळतो, नीळ तर कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. आठवडाभर आधी भिजवा, मांजरपाटातून गाळा, भिंत ओली करा, एक हात उभा द्या आणि एक आडवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालायला विसरू नका, आणि पोरांना पिंपापासून चार पावलं लांब उभं करा. पण बघू द्या त्यांना.